नऊ वर्षांच्या पोरांना 'शेप' शिकवणाऱ्यांनो

बेंगळुरूत फुटबॉल शिकवण्याच्या नावाखाली आज जे चालते, त्यातले बरेचसे काम मुलांमधला खेळाडू मारण्याचे आहे. हे मी रागाने लिहितो आहे. शनिवारी किंवा रविवारी सकाळी सर्जापूर रोड, व्हाइटफील्ड, एचएसआर लेआउट अशा कुठल्याही भागात जा आणि टर्फच्या जाळीबाहेर तासभर उभे राहा. नऊ-दहा वर्षांची पोरे रांगेत उभी असतात. पुढे प्लॅस्टिकचे कोन मांडलेले असतात. पहिला पोरगा कोनांमधून चेंडू नेतो, परत येतो, रांगेच्या शेवटी जातो आणि पुन्हा पाळी येईपर्यंत बुटाच्या नाड्या सोडत-बांधत बसतो. मग कोच लोहचुंबकाच्या सोंगट्यांचा फळा काढतो आणि चार-तीन-तीन समजावतो. शेप, म्हणजे संघाची मांडणी, ठेवा, मागून बिल्ड करा, हाफ-स्पेसमध्ये, म्हणजे कडेच्या आणि मधल्या पट्टीमधल्या जागेत, या. पालक हे मोबाइलवर टिपतात, कारण हेच शब्द त्यांनी टीव्हीवरच्या समालोचनात ऐकलेले असतात. महिन्याची फी त्या शब्दांसाठी घेतली जाते. मुलाच्या पायाला चेंडू किती वेळा लागला, हे कोणी मोजत नाही.

कोन पाय घालत नाही, खांदा देत नाही आणि फसतही नाही. समोरच्या बचावपटूचे वजन कुठल्या पायावर आहे ते क्षणात ओळखून दुसऱ्या बाजूने सुटणे म्हणजे ड्रिबल. ज्याच्या समोर बचावपटूच नाही, तो मुलगा ड्रिबल शिकत नाही, चेंडू घेऊन नागमोडी पळायला शिकतो. सामन्यात जिवंत माणूस अंगावर आला की हे पळणे पहिल्याच धडकेत संपते, आणि कोच पालकांना सांगतो, याचा 'बेस' कच्चा आहे, आणखी एक बॅच लावा.

रोंडोचे तर पार वाटोळे केले आहे. रोंडो म्हणजे चार-पाच जणांच्या कड्यात एकदोघांनी चेंडू हिसकावायचा, बाकीच्यांनी तो राखायचा. या सरावाचा जीव आत उभ्या असलेल्या पोरांत असतो. ते जीव तोडून पळाले तरच बाहेरच्याला मान वळवून पाहावे लागते, चेंडू येण्याआधी अंग अर्धे फिरवून ठेवावे लागते, कुठल्या पायावर घ्यायचा ते आधी ठरवावे लागते. इथे मी पाहतो तो रोंडो म्हणजे आरामात चाललेली देवाणघेवाण. आतला पोरगा चालतो आहे, बाहेरचे उभे आहेत, चेंडू गेला तर कोणाचे काही जात नाही. कोच मात्र टाळ्या वाजवून 'टिकी-टाका' म्हणतो. हे कडे बार्सिलोनात कशासाठी वापरले गेले, याचा या माणसाने पाच मिनिटे तरी विचार केला आहे का?

आणि तो गोलकिकचा अट्टहास. 2019 मध्ये नियम बदलला, गोलकिकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याची अट गेली, आणि मोठ्या संघांनी आपल्याच गोलसमोरून डाव रचायला सुरुवात केली. प्रौढ व्यावसायिकांच्या दृष्टीने त्याला अर्थ आहे. विरोधकाला वर ओढायचे आणि त्याच्या पाठीमागे मोकळी झालेली जागा एका लांब पासने गाठायची, हे त्यामागचे गणित. नऊ वर्षांच्या मुलाचा पास तीस मीटर जात नाही. पाठीमागची जागा त्याच्या आवाक्यातच नाही, हे विरोधी संघातल्या पोरालाही कळते, म्हणून तो गोलसमोर येऊन उभा राहतो. चेंडू हिसकावला जातो, गोल होतो, गोलरक्षक पोरगा रडतो, आणि कोच रेषेवरून ओरडतो, 'प्रोसेस, प्रोसेस!' ज्या जागेचा फायदा घेता येत नाही, ती जागा तयार करायला शिकवणे ही कसली प्रक्रिया?

मी आधुनिक विचारांच्या विरोधात नाही. या शहराने ते विचार अस्सल रूपात पाहिले आहेत. 2013 साली बेंगळुरू एफसी उभा राहिला, पहिल्याच हंगामात ॲशली वेस्टवूडच्या हाताखाली आय-लीग जिंकला. 2016 मध्ये अल्बर्ट रोका आला, बार्सिलोनात फ्रँक रायकार्डच्या हाताखाली काम केलेला माणूस. त्याच वर्षी ऑक्टोबरात कंठीरवा स्टेडियमवर मलेशियाच्या जोहोर दारुल ताझिमला, म्हणजे गतविजेत्यांना, 3-1 असे हरवून बेंगळुरू एएफसी कपच्या अंतिम फेरीत गेला. तिथवर पोहोचलेला हा पहिला भारतीय क्लब. पुढे कार्लेस क्वाद्रातच्या संघाने मार्च 2019 मध्ये आयएसएल जिंकली. अंतिम सामना अंधेरीत होता, गोव्याविरुद्ध. जादा वेळ संपत आला असताना कॉर्नरवर डोके घालून गोल केला तो मुंबईच्या राहुल भेकेने. रचना, शिस्त, मोकळी जागा शोधण्याची कला, सगळे त्या संघाकडे होते आणि ते मला मनापासून आवडत होते.

पण ती रचना कोणावर उभी होती ते पाहा. भेके मुंबईच्या लीगमधून, एअर इंडिया आणि मुंबई एफसीसारख्या संघांतून घडत आला होता. सुनील छेत्री लष्करी घरातला, गावोगाव फिरत वाढलेला, 2002 मध्ये मोहन बागानमध्ये गेला आणि कोलकात्याच्या दडपणात तयार झाला. उदांता मणिपूरचा, युजीनसन लिंगडोह शिलाँगचा. या सगळ्यांच्या अंगात खेळ आधी मुरला होता. रोका-क्वाद्रात यांनी तयार खेळाडूला जागा दाखवली. आमच्या अकादम्या खेळाडू नसलेल्या पोराला जागा दाखवत सुटल्या आहेत.

या शहराला खेळाडू बाहेरून आणण्याची गरज एके काळी नव्हती. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा पहिला फुटबॉल सामना फ्रान्सशी झाला. आपण 2-1 ने हरलो, दोन पेनल्टी वाया घालवल्या. आपला एकमेव गोल केला तो बेंगळुरूच्या सारंगपाणी रामनने. त्याच संघात बेंगळुरूचा अहमद खान होता, ज्याच्या पायातून चेंडू काढणे बचावपटूंना जमत नसे. पुढे ईस्ट बंगालच्या ज्या पाच आघाडीपटूंना कोलकात्याने पंचपांडव म्हटले, त्यांतले अहमद खान आणि धनराज हे दोघे या शहराचे. 1946-47 आणि 1952-53 मध्ये राज्यांच्या संघांची संतोष ट्रॉफी म्हैसूरकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे आली, 1967-68 आणि 1968-69 मध्ये लागोपाठ आली. त्यानंतर कर्नाटकाला ती जिंकायला 2023 उजाडावे लागले, आणि तीही रियाधमध्ये.

लगेच कोणी म्हणेल, हा अनवाणी खेळणाऱ्यांच्या जुन्या काळाचा गहिवर आहे. नाही. 1952 मध्ये हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्याला 10-1 असे झोडपले, आणि तो एक गोलही अहमद खानचाच होता. उपजत कौशल्यावर किती मजल मारता येते, त्याची हद्द त्या दिवशी दिसली. ती ओलांडायला प्रशिक्षकाचे कामच लागले. हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांनी संघ नव्याने बांधला, 1956 मध्ये मेलबर्नला चौथा क्रमांक आणला. तिथे मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली. 1962 मध्ये जकार्तात दक्षिण कोरियाला हरवून रहीम यांनी आशियाई सुवर्ण मिळवले, आणि त्या चमूतही बेंगळुरूचा अरुमैनायगम होता. रहीम हे पेशाने शिक्षक. खेळाडू चेंडू जास्त वेळ पायात ठेवतात असे दिसले, तेव्हा त्यांनी फळ्यावर व्याख्यान दिले नाही, ड्रिबलला बंदी असलेल्या स्पर्धाच भरवल्या. कमजोर पाय सुधारावा म्हणून फक्त त्याच पायाने खेळायचे सामने लावले. नियम बदलायचा, सामना मात्र खराच ठेवायचा. बाकीचे खेळाडूचे डोके आपोआप शोधते. आज युरोपातली विद्यापीठे याच पद्धतीवर प्रबंध लिहितात आणि आमचे लोक त्या प्रबंधांतल्या आकृत्यांची छायाचित्रे सोशल मीडियावर टाकतात. रहीम यांचे नाव मात्र त्यांना रहीम यांच्यावरचा सिनेमा आल्यावर कळले. आणि एक गोष्ट विसरू नका. रहीम यांनी ड्रिबल थांबवला, कारण त्यांच्या खेळाडूंकडे तो उतू जात होता. ज्या पोराला अजून एकालाही चकवता येत नाही, त्याला 'दोन टच'ची सक्ती करणारा कोच रहीम यांचे नाव घ्यायला लायक नाही.

जर्मनीसारखा देश 2018 आणि 2022 या दोन्ही वर्ल्ड कपमध्ये गटातच बाद झाला. त्यांनी आपली पद्धत तळापासून उलगडून पाहिली. 2024-25 च्या हंगामापासून तिथे सर्वांत लहान गटांत दोघांस दोन, तिघांस तीन असे सामने, चार छोट्या गोलांवर, देशभर सक्तीचे झाले. गुणतक्ता नाही, बाकावर बसणे नाही. मूळ कल्पना हॉर्स्ट वाइन या प्रशिक्षकाची, कित्येक वर्षे जुनी. तीन मुलांच्या संघात लपायला जागा नसते. प्रत्येकाला चेंडू मिळतो, प्रत्येकाला कोणाला तरी चकवावे लागते, आणि दोन गोलांपैकी कुठला मोकळा आहे ते मान वर करून पाहावे लागते. यासाठी आठ दगड आणि एक चेंडू पुरतो. म्हणूनच आमच्याकडे हा खेळ विकला जात नाही. ज्याला खर्च नाही, त्याचे पॅकेज बनवता येत नाही.

आता पैशाचे बोलू, कारण सगळी कीड तिथे आहे. अलसूरजवळ गौतमपुरा म्हणून वस्ती आहे, तमिळ बोलणाऱ्या कष्टकऱ्यांची. चौकात आंबेडकर, बुद्ध यांच्यासोबत पेलेचा पुतळा आहे. लोक या वस्तीला मिनी ब्राझील म्हणतात. तिथून आणि ऑस्टिन टाउनसारख्या वस्त्यांतून या शहराच्या संघांना पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू मिळाले. आता तिकडे बार्सिलोनाजवळच्या मातारो शहरातली रोकाफोंडा वस्ती पाहा. तीही कष्टकऱ्यांची, बाहेरून आलेल्यांची. तिथला लामिन यमाल सातव्या वर्षी बार्सिलोनाच्या अकादमीत गेला आणि 2024 च्या युरो स्पर्धेत, सतरा पूर्ण होण्याआधी, फ्रान्सविरुद्ध गोल करून बसला. गोल केल्यावर तो बोटांनी 304 दाखवतो, ते त्याच्या वस्तीच्या पिनकोडचे शेवटचे आकडे. बार्सिलोनाने त्याला घेतले ते पाय पाहून, बापाचा पगार पाहून नाही. बेंगळुरूत मात्र युरोपच्या मोठ्या क्लबांची नावे छातीवर लावून मुलांकडून जी फी घेतली जाते, ती गौतमपुऱ्यातल्या घराला झेपणारी नाही. म्हणजे ज्या क्लबचे नाव विकता, त्या क्लबला यमाल जिथून मिळाला तेच दार तुम्ही बंद केले आहे. एक-दोन शिष्यवृत्त्या ठेवून माहितीपत्रकात त्या पोरांचे फोटो छापणे हे त्यावरचे उत्तर नव्हे.

मी मूळचा कोल्हापूरचा. तिथे पेठेपेठेतल्या तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस क्लबची लढत असली की अर्धे शहर तिकडे लोटते. चुरस काय असते ते मला कोणी शिकवू नये. पण कोल्हापूरही माझ्या रागातून सुटत नाही. एवढी गर्दी, एवढी ईर्ष्या आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या नियमित लीगकडे मात्र दुर्लक्ष. 2017 च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, पण त्याला घडायला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावे लागले. बेंगळुरूकडे कोच आहेत, पण चुरस नाही. कोल्हापूरकडे चुरस आहे, पण लहान पोरांसाठी कोच नाहीत. तो वर्ल्ड कप आपण 0-3, 1-2, 0-4 असा खेळून घरी आलो, तेव्हा अनेकांनी युरोपीय दर्जाच्या अकादम्यांची हाक दिली. अकादम्या आल्या. सामने आले नाहीत.

सामने! इथेच सगळे अडते. युरोपातला बारा वर्षांचा मुलगा हंगामभर जवळजवळ दर आठवड्याला एक खरा सामना खेळतो, घरच्या मैदानावर एकदा, परक्या मैदानावर एकदा. इथला बारा वर्षांचा मुलगा आठवड्यातून दोन-तीनदा सराव करतो आणि मधूनच एका दिवसात सहा सामन्यांची, बारा-बारा मिनिटांची स्पर्धा खेळतो, जिच्या शेवटी जवळजवळ प्रत्येकाला पदक मिळते. अशा स्पर्धेत चूक सुधारायला वेळच नसतो. पुढच्या शनिवारी त्याच बचावपटूशी पुन्हा गाठ आहे, मागच्या वेळी त्याने मला डावीकडे ढकलले होते, या वेळी मी काय करू, असा विचार करत मूल आठवडाभर रोज झोपी जाते तेव्हा ते शिकते. तो आठवडा आम्ही त्याच्याकडून काढून घेतला.

आणि जिथे थोडीफार लीग आहे, तिथे वयचोरी. मनगटाच्या हाडांच्या चाचण्या लावाव्या लागतात, यातच सगळे आले. जे कोच वय चोरत नाहीत ते जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली, उंचीने पुढे असलेली पोरे निवडतात आणि डिसेंबरात जन्मलेल्या चपळ पोराला 'अजून लहान आहे' म्हणून घरी पाठवतात. बारा वर्षांखालच्या चषकासाठी हे करणाऱ्या कोचला मी गुन्हेगार म्हणतो. त्याच्यामागे चषकाचा फोटो मागणारे पालक उभे आहेत, त्यांनाही मी सोडत नाही. तुमचा मुलगा जिंकला का हे विचारू नका, त्याने आज किती वेळा कोणाला चकवण्याचा प्रयत्न केला ते विचारा.

याचा परिणाम वर कसा दिसतो? आयएसएल सुरू झाली तेव्हा मैदानावर एका संघाचे सहा परदेशी खेळाडू चालत. मग पाच झाले, 2021-22 पासून चार. क्लबांनी ते चार कुठे खर्चले? बहुधा संघाच्या कण्यात. मधला बचावपटू, मधल्या फळीचा सूत्रधार आणि नऊ नंबर. बेंगळुरूतही मिकू मध्ये खेळला आणि छेत्री बाजूला सरकला. भारतीय मुलगा फुलबॅक होतो, विंगर होतो, नऊ नंबर होत नाही. 2024-25 च्या आयएसएलमध्ये सर्वाधिक गोल करणारा भारतीय कोण होता? चाळीस वर्षांचा छेत्री, 14 गोल. जून 2024 मध्ये देशासाठी निवृत्त झालेल्या त्याच माणसाला मार्च 2025 मध्ये परत बोलावले गेले. ऑक्टोबरात मडगावात आपण सिंगापूरकडून 1-2 हरलो, आशियाई कपचे दार बंद झाले, नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशानेही हरवले. प्रशिक्षक क्रोएशियाचा होता, मग स्पेनचा, मग मुंबईत खेळलेला खालिद जमील. नावे बदलली, पेनल्टी क्षेत्रात एकाला चकवून गोल मारणारा माणूस कुठूनच आला नाही. तो आठव्या वर्षी 'शेप' मोडला म्हणून ओरडा खाऊन बसला आहे. बेंगळुरूचाच विनीत वेंकटेश एकोणिसाव्या वर्षी सप्टेंबर 2024 मध्ये ईस्ट बंगालविरुद्ध विजयी गोल करतो, तेव्हा मला आनंद होतो आणि लगेच प्रश्न पडतो की एवढ्या मोठ्या शहरातून असे एखाददुसरेच नाव का घ्यावे लागते.

चांगले कोच कुठून आणायचे, असे विचारतात. या शहरात आयटीआय आणि एचएएलचे संघ राष्ट्रीय लीगपर्यंत खेळले. खेळाडूंना नोकऱ्या होत्या, संध्याकाळी सरावाला सुट्टी होती. त्या संघांतून निवृत्त झालेली माणसे अलसूर, ऑस्टिन टाउन, जीवनहळ्ळीत आजही राहतात. त्यांना चेंडू कळतो, पोरे कळतात, वस्ती कळते. प्रशिक्षकाच्या डी परवान्याच्या कोर्सला दिवसच्या दिवस बसणे त्यांना परवडत नाही, म्हणून ते बाहेर, आणि कोर्सची फी भरू शकणारा, कधीही लीग न खेळलेला तरुण आत. परवाना हवाच, मी स्वतः त्या बाजूचा आहे. पण मग त्याची फी राज्य संघटनेने भरावी, वर्ग कन्नडमध्ये आणि तमिळमध्ये घ्यावेत, आणि सर्वांत जाणता कोच सर्वांत लहान मुलांना द्यावा. आज उलट आहे. जो नवखा, त्याच्या हाती सहा वर्षांची पोरे.

माझे मागणे मोठे नाही, खर्चिकही नाही. अशोकनगरच्या फुटबॉल स्टेडियमवर मोठ्यांच्या लीगचे सामने नसतील त्या प्रत्येक सकाळी मैदानाचे आडवे चार भाग करा आणि वस्त्यांमधल्या मुलांना तिघांस तीन खेळू द्या, फी न घेता, जून ते मार्च. महापालिकांची जी मैदाने संध्याकाळी तासाच्या भाड्याने टर्फवाल्यांकडे जातात, त्यांतले रोजचे दोन तास चौदा वर्षांखालच्यांसाठी मोकळे ठेवा आणि करारात तसे लिहा. फी घेणाऱ्या प्रत्येक अकादमीला राज्य संघटनेच्या वार्षिक लीगमध्ये संघ उतरवणे बंधनकारक करा. जी उतरवणार नाही, तिला अकादमी हे नाव लावू देऊ नका. आणि कोचांनो, येत्या शनिवारी कोन गाडीतच ठेवा.